गाद्यांच्या खोलीतला लांडगा

लांडग्याच्या खोलीत एका मुलीला कोंडून मी बाहेरून कुलूप लावलं आणि निवांत जेवायला जाऊन बसलो. मुद्दाम नाही. व्यायामशाळेच्या चाव्या माझ्याकडे असायच्या आणि आत डोकावून बघायचा मला कंटाळा.

लांडगा म्हणजे माझा रूममेट. एरवी चष्मेवाला, सशाच्या काळजाचा. पौर्णिमेला मात्र अंगभर केस आणि तोंडात सुळे. म्हणून त्या संध्याकाळी तो चष्मा माझ्या हातात देऊन व्यायामशाळेच्या तळघरात गाद्यांच्या ढिगामागे जाऊन बसायचा, आणि चंद्र उगवायच्या आत मी दार लावायचो. गुपित आमच्या दोघांतलंच. 'लांडगा आला रे आला' असं ओरडायचीही सोय नव्हती.

मुलगी म्हणजे मोरी. तिचे वडील कॉलेजचे नळ आणि गटारं दुरुस्त करत, तेवढ्यावरून वर्गातल्या तिघींनी तिचं हे बारसं केलेलं. ती बाकावर बसली की त्या नाकाला रुमाल लावायच्या. हळूहळू सगळा वर्गच लांब सरकला. सोमवारपासून कॉलेजला जाणार नाही, असं तिनं घरी सांगूनही टाकलं होतं.

त्या संध्याकाळी तिघींनी तिला "व्हॉलीबॉलची जाळी घेऊन ये" म्हणून तळघरात धाडलं. मागून मी आलो, कुलूप घातलं.

पहिला घास तोंडात होता, तोच तिचे वडील हातात पाना घेऊन मेसमध्ये आले. "पोरगी दिसली का रे? तळघराकडे गेली म्हणतात."

ताट तसंच टाकलं. मी चावी घेऊन पळत सुटलो.

दाराबाहेर तिघी मोबाइल धरून उभ्या. "थांब रे चावीवाल्या, आधी रडू तर दे तिला," म्होरकी म्हणाली.

आतून मात्र काहीच आवाज नव्हता. मी म्होरकीला बाजूला सारलं. चावी फिरवली.

दार उघडलं, तर मोरी गादीवर बसलेली आणि तिच्या मांडीवर भलंमोठं करडं डोकं. त्याचा शर्ट तिनं ओळखपत्रासकट घडी घालून बाजूला ठेवला होता. ती कानामागे खाजवत होती आणि तो डोळे मिटून तिचा डावा बूट चघळत होता. माझा जीव भांड्यात पडला.

म्होरकीनं आत नीट न बघताच रुमाल काढला. "मोरी, किती वास येतोय गं."

लांडगा उठला आणि मोरीच्या पुढ्यात उभा राहिला. गुरगुरला नाही. वळून मोरीचा हात हुंगला, शेपटी हलवली. मग म्होरकीला हुंगलं आणि सणसणीत शिंकला. अत्तर असावं. तिघी जिन्यात एकमेकींवर आपटत पसार झाल्या.

तेवढ्यात वडील पोचले. "हा कुणाचा कुत्रा?"

"माझ्या वर्गातला आहे, बाबा."

सोमवारी ती वर्गात आली. माझा रूममेट कानापर्यंत लाल होऊन तिच्या बाकावर जाऊन बसला. "तुला साबणाचा वास येतो," तो पुटपुटला, "आणि थोडा लोखंडाचा. मला पहिल्यापासून आवडायचा."

"मग आधी का नाही बोललास?"

"नाक होतं. धीर नव्हता."

त्यानंतर वर्गात रुमाल फक्त सर्दी झालेल्यांच्याच नाकाला दिसले.

आता पौर्णिमेला ती स्वतःच त्याच्याबरोबर आत बसते, अभ्यासाचं पुस्तक आणि त्याला चघळायला जुनी चप्पल घेऊन. मी हाक मारून, दोघांची ओ ऐकूनच कुलूप लावतो. तरी जाता-येता ती पाय पुढे करते: "चावीवाल्या, माझा डावा बूट?"

देईन म्हणून कबूल केलंय खरं. पण एकच बूट कुठला दुकानदार विकतो?