कानांना आराम म्हणून वरूडला

माझ्या डाव्या कानात दोन वर्षांपासून शिट्टी वाजते. बारीक, न थांबणारी. याला टिनिटस म्हणतात आणि यावर हमखास औषध नाही, हे डॉक्टरांनी एकाच दमात सांगितलं. तेव्हापासून मोबाईलच्या स्पीकरची मी धास्ती घेतली. शेजारी कुणी गाणं लावलं की वाटायचं, आता शिट्टी आणखी वाढणार. शेवटी फेब्रुवारीत रजा टाकली आणि वरूडजवळ राहणाऱ्या माझ्या मामेभावाला, सुधाकरदादाला, फोन केला. म्हटलं, तुझ्या संत्र्याच्या बागेत नुसती बसायला येतेय.

"ये ना," तो म्हणाला. एवढंच.

पुण्याहून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं अमरावती. स्टँडजवळ गिला वडा खाऊन घ्या, वर दही मागा. वरूडची एसटी मोर्शीवरून जाते, दोनेक तास लागतात आणि रस्ता हाडं मोजतो. माझ्या मागच्या सीटवर चायना मोबाईल चालू होता. एवढ्याशा डब्यातून बँडपथकाएवढा आवाज. मी कानात कापूस कोंबून खिडकीला चिकटले.

फाट्यावर दादा मोटरसायकल घेऊन उभा होता. शेत आलं आणि बाग नव्हतीच. नाल्यापर्यंत ओळीनं नुसते खुंट. मी गाडीवरून उतरले ती तिथंच उभी राहिले.

"बोअर आटले," दादा म्हणाला. "टँकरनंही पाणी देलं. तरी वाळली."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगतलं असतं तं तू आलीच नसती."

घरी रेखावहिनींनी, त्याच्या बायकोनं, बाकीचं सांगितलं. झाडं कापायला माणसं आली होती, पण दादानं त्यांच्याकडून पेट्रोलवरची कटर मशीन घेतली. "दुसऱ्याले हात लावू देला नाही. आठवडाभर सोताच कापत होते."

दादाच्या खिशात मोबाईल सतत मोठ्यानं वाजत होता. भजनं, बातम्या, काहीही. जेवतानासुद्धा. वांग्याची भाजी झकास होती, पण मला घास जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "दादा, माझ्या कानासाठी तेवढा बंद करतोस?"

त्यानं मुकाट्यानं बंद केला. थोड्या वेळानं पाहिलं तर तो मान कलती करून, तळहातानं कान दाबून बसला होता. अशी मी स्वतःला आरशात पाहिलेली आहे. मी जवळ गेले.

"काय ऐकू येतंय?"

"काई नाही." मग जरा थांबून, "मशीन. झाडं कापली तवापासून चालूच हाये. मोबाईल लावला का जराशी दबते."

मी ज्या आवाजापासून पळत इथवर आले होते, त्याच्याच आडोशाला तो बसत होता.

तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन अकोला गाठलं. मुक्काम जठारपेठेत मैत्रिणीकडे. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दादाचं दोन्ही कानांनी ऐकणं कमी झालंय. मशीनपाशी उघडे कान ठेवले त्याचा परिणाम. मोबाईल लावायचा तर हळू लावा, तेवढा पुरतो. मला म्हणाले, "शेजारच्या फोननं तुमचा कान बिघडत नाही. तुम्ही घाबरून सारखं तिकडंच लक्ष देता, म्हणून शिट्टी मोठी वाटते."

"हे जाईन ना, डॉक्टरसायेब?" दादानं विचारलं.

"सवय होईल. जाईलच, असं नाही सांगत."

दुपारी एसटीनं पातूर. लेणी गावाला लागूनच आहेत, तिकीट नाही. पाणी सोबत न्या. आत गारवा आणि इतकी शांतता की आम्ही दोघंही आपापले कान दाबून बसलो.

"तुह्या कानात काय वाजते?"

"शिट्टी."

"तुहं बरं हाये," म्हणाला आणि हसला. मग हळूच, "रेखाले सांगू नोको. तिले वाटते मी हट्टानं मोबाईल लावतो. वाटू दे."

मी हो म्हटलं नाही.

पुण्यात परतल्यावर लोक विचारतात, सहल कशी झाली. मी लेण्यांविषयी सांगते. बसमध्ये आता कापूस घालत नाही; शिट्टी आहे तेवढीच आहे. परवा वहिनींचा फोन आला. "अकोल्याले काहून गेलते व तुमी? हे काई बोलत नाही." मी सगळं सांगून टाकलं.

मग त्या म्हणाल्या, "म्हंजे ते अजून झाडं कापूनच राहिले."