आधी रक्तस्राव की आधी पडणं?

नांदेडच्या आमच्या हॉस्पिटलात फायली जुन्या झाल्या की गोडाऊनला जातात, किस्से मात्र रेकॉर्डच्या खोलीतच साठत राहतात. माझं काम फायलीवर आजाराचा कोड टाकायचं. मेंदूत आपोआप रक्तस्राव झाला तर एक कोड, डोक्याला मार लागून झाला तर दुसराच. आणि डॉक्टर लिहितील तेच धरायचं, नातेवाइकांचं नाही. हा आमच्या सीनियर नसीमभाईंचा कायदा!

नसीमभाई कायम ड्युटीवर. मुदखेडला एका दावतीत कुणीतरी म्हणालं, "मामूंना ब्रेन हॅमरेज झालं." सगळे हळहळले. नसीमभाईंनी बिर्याणीचा घास हातातच धरून विचारलं, "मेंदूच्या कोणत्या भागात?" तेव्हापासून भाभी त्यांना आजाऱ्याला भेटायला नेत नाहीत.

पण कोडसाठी हे लागतंच. डॉक्टरसाहेबांनी एका फायलीवर नुसतं 'ब्लीड' लिहिलेलं. मी लेखी विचारलं, "कुठे?" लेखी उत्तर आलं, "डोक्यात!"

नातेवाईक मात्र भरभरून सांगतात. शिरूर अनंतपाळच्या एका आजोबांसोबत चौघं आले, चार कारणं घेऊन. ऊन, ठेचा, मॅच आणि भावकी.

"अन् बीपीची गोळी?" मी विचारलं.

"ती व्हय? बरं वाटू लालं म्हून सोडली की!"

माहूरकडच्या एका सासूबाई अंगणात पडल्या. अंगण सुनेनं नुकतंच धुतलेलं. नणंद वॉर्डाबाहेर येईल त्याला सांगायची, "हिनंच पाडलं माझ्या मायला!" सुनेचा नवराही तिच्याशी बोलेना. पोरीचा चेहरा बघवत नव्हता.

भरतीच्या कागदावर 'पडल्यामुळे', स्कॅनच्या रिपोर्टात वेगळंच. मी पुन्हा लेखी विचारलं. या वेळी डॉक्टरसाहेबांनी नीट लिहिलं: आपोआप रक्तस्राव झाला, म्हणून पडल्या. मी कोड बदलला. त्यांनी घरच्यांनाही तसं सांगितलं, तर सून म्हणाली, "साहेब, तेवढं मराठीत लिहून द्या."

डॉक्टरसाहेबांनी दिलं. ठसठशीत अक्षरात!

महिन्याभरानं सासूबाई तपासणीला आल्या, सुनेचा हात धरून. बोलणं अजून जड होतं. बाकावर नणंदेनं शेजारणीला सांगायला सुरुवात केली, "अंगण ओलं व्हतं ना, बाई..."

सासूबाईंनी पदराच्या गाठीतून घडी केलेला तोच कागद काढला, लेकीच्या हातात ठेवला.

"वाच."

लेक पुटपुटत वाचू लागली.

"मोठ्यानं!"