मोडेम नीट झाला तो रविवार

आईचं सिम माझ्या जुन्या मोबाइलमध्ये गेलं ते चार दिवसांपुरतं. तिचा बटणांचा फोन मोरीत पडून बंद झाला होता. नवा घेईपर्यंत हा वापर, म्हणून मी कपाटातला एक काढून दिला. आमच्या घरात तात्पुरती सोय म्हणजे कायमची सोय. बाबांनी तात्पुरती ठोकलेली फळी बाबा गेल्यावरही भिंतीवर आहे आणि तिच्यावर आमचे सगळे डबे आहेत.

पण हा फोन जरा वेगळा होता. मी दादरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि काही बाबतींत फार तिरसट आहे. पैसे मी मोजायचे आणि वस्तूच्या किल्ल्या कंपनीने ठेवायच्या, हे मला पटत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी मी हा फोन हौसेने मागवला होता. त्यातले प्रोग्रॅम सगळ्यांना बघायला, बदलायला खुले. दादा तेव्हा घरी आला होता. फोन हातात घेऊन म्हणाला, "अगदी तुझ्यासारखाच आहे. हुशार, पण कुणी हाक मारली तर ओ देईल याची गॅरंटी नाही."

दादाची ही चेष्टा तंतोतंत खरी होती. मोबाइलच्या आत मोडेम नावाचा एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो. टॉवरशी बोलायचं काम त्याचं. बॅटरी वाचावी म्हणून फोन झोपतो, आणि कुणाचा कॉल आला की मोडेमने त्याला उठवायचं. आमचा मोडेम उठवायचा, पण तोवर समोरच्याने कंटाळून फोन ठेवलेला असायचा. कधी कधी तर तोच नेटवर्कवरून गळून पडायचा. मग कुणी फोन केला होता याची खूणही राहायची नाही.

दादा बेंगळुरूला मोठ्या नोकरीत आहे. भांडण झालं ते आईच्या फोन उचलण्यावरून. आई कुणाचाही फोन उचलला की खणखणीत 'जय भीम' म्हणते. बँकेची मुलगी असो, गॅसवाला असो, रॉंग नंबर असो. आयुष्यभर परळच्या इस्पितळात आयाचं काम केलं, तिथेही डॉक्टरांना ती सकाळी हेच म्हणायची. दादा ऑफिसला जाताना गाडीतून फोन करायचा. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला आणि मागच्या सीटवर ऑफिसचे लोक. एकदा तो तिला म्हणाला, "आई, माझा फोन आला की नुसतं हॅलो म्हणत जा ना. गाडीत लोक असतात."

आई म्हणाली, "तुझ्या लोकांना माझ्या तोंडाचा विटाळ होतो का? मग नको करूस फोन." आणि ठेवला.

मी आईच्याच बाजूची होते, आजही आहे. पण स्टाफरूममध्ये 'पूर्ण नाव काय म्हणालात?' असं मलाही गोड आवाजात विचारून झालंय. आडनाव सांगितल्यावर समोरचा 'अच्छा' म्हणतो, तो अच्छा मलाही ठाऊक आहे. दादा कशाला भ्यायला ते मला कळतं. त्याने ते आईच्या गळ्यात मारलं, याचा मला राग आहे.

त्यानंतर दादाचा फोन यायचा बंद झाला. आई स्वतःहून करायला तयार नव्हती. "मी तोडला नाही. त्याला बोलायचं असेल तर तो करेल," एवढंच. मी दादाला मेसेज पाठवला, आई वाट बघते म्हणून. उत्तर आलं, 'बिझी आहे, करतो.' तेवढं मी आईला वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी ती फोनसमोर बसून राहिली, आणि झोपायच्या आधी आपणच म्हणाली, "केला असेल ग त्याने. तुझं हे डबडं वाजलंच नसेल."

मी म्हटलं, "असेल."

इतकं सोपं होतं ते. मग रोजचंच झालं. शेजारच्या मावशींनी विचारलं, लेकाचा फोन येतो का, की आई सांगायची, "तो करतो हो, इथे लागत नाही." आमच्या चाळीसमोर उंच इमारतीचा नवा टॉवर आडवा आल्यापासून सगळ्यांचेच फोन खिडकीत जाऊन लागतात, त्यामुळे मावशींनाही ते पटायचं. मोडेमसाठी हौशी लोकांनी लिहिलेलं नवं, खुलं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, आलं होतं. कॉल चुकण्याचा आजार त्याने बराच बरा होतो, असं हा फोन वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर जो तो सांगत होता. ते टाकणं म्हणजे एका दुपारचं काम. मी टाकलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती माझ्या हाताने कशाला उघडू? कुणी विचारलं तर सांगायचे, केबल चांगली नाही.

मग बुद्धपौर्णिमा आली. दादा कुठेही असला तरी पौर्णिमेला फोन करायचाच. आईने सकाळी पांढरं लुगडं नेसून वंदना केली, खीर केली आणि फोन खिडकीत चार्जिंगला लावून ठेवला. दिवसभरात तो वाजला नाही. संध्याकाळी मी बघितलं तर मोडेम नेटवर्कवर नव्हताच. कधी गळून पडला, कुणास ठाऊक. आणि मग मलाच चैन पडेना. आजवर मी आईची समजूत राखत होते, पण त्या दिवशी मला खरंच माहीत नव्हतं. आज त्याने केला असेल तर? पलीकडून तो वाजवत राहिला असेल, आणि आई उचलत नाही, म्हणजे अजून रागात आहे, असं त्याने धरलं असेल तर?

आईनेही तेच धरलं. "आज त्याने केलाच असणार. तू ते काय नवीन टाकायचं म्हणतेस ते टाक एकदाचं," ती म्हणाली. "नाहीतर मला साधा फोन आणून दे. तुझ्या हट्टापायी माझं पोर तुटायला नको."

ते मला लागलं. लॅमिंग्टन रोडवर जाऊन चांगली केबल आणली. दुकानदाराने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, इसको म्यूझियम में दे दो." एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसती केबल पर्समध्ये टाकली.

रविवारी जेवणं झाल्यावर बसले. फोन लॅपटॉपला जोडला, बॅटरी भरलेली आहे ना ते पाहिलं, काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप केली. आधी मोडेममधलं जुनं पुसलं जातं, मग नवं चढतं. त्या मधल्या वेळात वायर हलली तर तो कायमचा मुका व्हायची भीती. मी पंखासुद्धा बंद केला होता. आई कॉटवर पडून माझ्याकडे बघत होती, मग तिचा डोळा लागला. नवं चढलं, मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि सिग्नलच्या काड्या एकेक करून आल्या.

आता झोपेतून उठतो का ते बघायचं होतं. या फर्मवेअरमध्ये एक मजेशीर सोय आहे. मोडेमलाच मेसेज पाठवायचा, अमुक मिनिटांनी मला फोन कर, की तो आपल्या आपण रिंग देतो. उचललं तर मशीनच्या आवाजात दोन वाक्यं इंग्लिशमध्ये बोलतो. मी तसा मेसेज पाठवला, फोन झोपवून टेबलावर ठेवला आणि तेवढ्यात वाळलेले कपडे काढावेत म्हणून गॅलरीत गेले. मावशींनी बोलण्यात धरलं. रिंग ऐकू आली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत कपडे होते.

मी दारात पोचले तोवर आई उठून टेबलाशी गेली होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. फोन कानाला लावला. आणि अगदी हळू, शाळेत नवीन मुलगी बोलते तशी म्हणाली, "हॅलो."

त्या एका शब्दाची तिने मनात कधीपासून तयारी केली असेल? मला दादाचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला. हरली होती ती. कुणापुढे कधी न हरलेली माझी आई.

मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. "त्याच्या ऑफिसातली बाई आहे. इंग्लिश बोलते," ती कुजबुजली. "त्याला देत असेल."

"आई, ठेव तो."

"थांब ग. देते ती."

आवाज कधीच थांबला होता. ती तशीच फोन कानाला दाबून उभी. शेवटी मी कपडे कॉटवर टाकले आणि तिच्या जवळ गेले. "आई, तो दादाचा नाहीये. मीच लावला होता. वाजतो की नाही ते बघायला."

तिने फोन कानावरून काढला, त्याच्याकडे पाहिलं. ती भडकेल असं मला वाटलं. भडकली असती तर बरं झालं असतं. ती कॉटवर कपड्यांच्या शेजारी बसली आणि विचारलं, "मग आता नीट वाजतो?"

"वाजतो."

"झोपलेला असला तरी?"

"तरी."

"म्हणजे यापुढे नाही वाजला," ती म्हणाली, "तर त्याने केलाच नाही. असंच ना?"

नेटवर्कचं काही सांगता येत नाही, समोर एवढी उंच इमारत झालीय, मोबाइलच्या टॉवरशी बोलणारा आतला भाग अजून कंपनीचाच आहे. यातलं काहीही सांगता आलं असतं, आणि यातलं काही खोटंही नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली. एक टॉवेल उचलून घडी घातली, मग दुसरा. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "याचा आवाज मोठा कर."

आवाज पहिल्यापासून पूर्ण होता. मी तिच्यासमोर बटण दाबत राहिले.