हे कॅप्टनला सांगितलंस का?

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, असं माझ्या मावशीचं ठाम मत होतं: बसण्याआधी दार कुठे आहे ते बघणारी आणि न बघणारी. पहिल्या प्रकारात साऱ्या कोल्हापुरात ती एकटी होती. लग्नाआधी ती विमानात हवाई सुंदरी होती. त्या काळी लग्न केलं की ती नोकरी सोडावी लागे, तशी तिनेही सोडली. पण नोकरीने काही तिला सोडलं नाही. लग्नसुद्धा तिने विमानातच ठरवलं म्हणायला हरकत नाही. पट्टा कसा बांधायचा, दारं कुठे आहेत हे ती हातवारे करून सांगत होती, बाकीचे प्रवासी वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते, आणि एकच गृहस्थ पापणी न हलवता सगळं ऐकत होता. तो शिरोलीतल्या एका फाउंड्रीचा मालक, कोल्हापूरकर जैन, निघाला होता मद्रासला मशीन बघायला. "जो माणूस सूचना शेवटपर्यंत ऐकतो, त्याच्याशी संसार करता येतो," हे तिने आपल्या आईला दिलेलं एकमेव स्पष्टीकरण. काका ऐकून घेतात तेवढं बोलत मात्र नाहीत, हे तिला लग्नानंतर कळलं.

मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा त्या घराचं विमान होऊन बरीच वर्षं लोटली होती. काका कॅप्टन, मावशी केबिन, आणि मी व काकांची आई अव्वा अशा दोघी प्रवासी. मी भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगितलं, नळाचं पाणी गढूळ आल्याचं सांगितलं, की मावशी लगेच विचारी, "हे कॅप्टनला सांगितलंस का?" मग माडीवर जाऊन मीठ जास्त पडल्याचं काकांना सांगावं लागे. काका हिशेबातून मान वर करून "व्हय" म्हणत, आणि मी खाली येई. या व्यवहारातून भाजी काही सुधारत नसे. पण मावशीचं म्हणणं असं, की पुढे बसलेल्याला मागचं दिसत नाही आणि मागे उभ्या असलेल्याला पुढचं दिसत नाही. दोघांनी एकमेकांना सांगत राहायचं, सुरक्षितता म्हणजे एवढंच, बाकी सगळे पट्टे आणि बकलं. एकदा म्हणे विमान उतरताना तिला मागे जळकट वास आला. कॅप्टन असा कडक, की त्याच्या दारावर टकटक करायला बाकीच्या मुली थरथरत. हिने टकटक केली. निघाली एका प्रवाशाच्या घडी घातलेल्या कांबळ्यात विझत आलेली सिगारेट. "एवढ्यासाठी?" म्हणून कॅप्टन ओरडला, आणि खाली उतरल्यावर स्वतः चहा मागवून म्हणाला, "पुढच्या वेळीही टकटक करा." ही गोष्ट सांगताना मावशी खिडकीबाहेर बघत राही, आणि हातातली पोळी तव्यावर करपून जाई.

कार्यालयात लग्नाला गेलो की ती नवरीच्या आधी मागचं दार बघे. एकदा त्या दारासमोर जेवणाची बाकं रचलेली दिसली, तेव्हा पदर खोचून ती स्वतःच ती सरकवू लागली. आचारी वैतागून म्हणाला, "ओ बाई, वरात आल्या, आग न्हाय लागली!" मावशी म्हणाली, "लागल्यावर सरकवणार आहात का?" काकांच्या फाउंड्रीत पहिल्यांदा गेली, तेव्हा वितळलेल्या लोखंडाचा तो लालभडक रस बघून कोणाचंही भान हरपलं असतं, पण हिने भट्टीवाल्याला विचारलं, की रस ओतताना तुम्ही साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाशी बोलता का? "बोलतो की," तो म्हणाला, "शिव्या देतो एकमेकास्नी." "उत्तम. चालू ठेवा," म्हणून मावशी समाधानाने बाहेर आली. आणि मोटारीत तर विचारू नका. अव्वांचा पदर दारात अडकला नाही ना, लाडवांचा डबा मागच्या काचेपाशी ठेवला नाही ना, हे सगळं बघून ती "तयार" म्हणेपर्यंत काकांनी गाडी सुरू करायची नाही, असा दंडक होता.

एका चातुर्मासात आम्ही अव्वांना हवापालट म्हणून पन्हाळ्याला नेलं होतं. दुपार कलली आणि ढगच खाली उतरले. झाडं गेली, तटबंदी गेली, समोरचा चहावालासुद्धा नुसता आवाज होऊन राहिला. मावशी म्हणाली, थोडं थांबू. पण अव्वांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं असे, चातुर्मासात तर फारच कडक. काका म्हणाले, "अव्वाचं जेवाण ऱ्हाईल. चला." आम्ही निघालो. घाटात काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. गाडी चालते आहे की तरंगते आहे ते कळत नव्हतं, आणि मला त्या मऊ पांढऱ्यात गुंगी आल्यासारखं झालं होतं. मावशी पुढे बसली होती, पण बाहेर बघत नव्हती. काकांच्या हातांकडे बघत होती.

"अहो, काही सांगायचंय का?" तिने हळूच विचारलं.

"न्हाय."

गाडीचं चाक कडेच्या खडीवर कचकचलं. खाली दरी होती. दिसत नव्हती एवढंच. काकांनी ब्रेक दाबला, गाडी बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मला दिसंना झालंय," ते म्हणाले.

"धुकं आहेच इतकं."

"धुकं आजचं हाय. माझं वरसाचं हाय."

मावशी मागे वळली, आणि मी कधीच न ऐकलेल्या, स्वच्छ, गोड, जराही न हलणाऱ्या आवाजात म्हणाली, "आपण थोडा वेळ इथेच थांबतो आहोत. काळजीचं काही कारण नाही." अव्वा, ज्या मोटारीत सहसा तोंड उघडत नसत, त्या म्हणाल्या, "थांबूया की. माझा आज उपास." शेवटी वारणानगरकडचा दुधाचा एक टेंपो मागून आला. त्यातला एकजण उतरून "काय पावणं, अडकलाय न्हवं?" म्हणत आमची गाडी सावकाश खाली घेऊन आला. घरी पोचेपर्यंत मावशीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. घरी आल्यावर मात्र ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून रडली.

"वर्षभर शेजारी बसले मी," ती म्हणाली, "आणि मला सांगितलं नाही?"

"तू घाबरशील वाटलं."

"मी? न घाबरण्याचा पगार घेतलाय मी!"

मिरजेला दाखवलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी गाडी विकली. आणि तो अबोल माणूस त्या दिवसापासून सांगायला लागला: आज डावीकडचं दार दिसलं नाही, आज तुझा चेहरा कडेनं पुसट झाला, आज भ्या वाटलं. मावशी प्रत्येक गोष्टीला "बरं केलंत सांगितलंत" म्हणे. संसारात इतकं बोलणं त्यांनी तोवर कधी केलं नसेल.

पुढे माझं लग्न होऊन मी दूर गेले. काकांची नजर पूर्ण गेल्यानंतर एकदा मी गेले होते. अव्वांसारखेच काकाही आता दिवस मावळायच्या आत जेवत. संध्याकाळी दोघं गच्चीवर बसली होती आणि मावशी त्यांना आकाश सांगत होती. ढगांचं पांढरं माळरान, त्यावर उन्हाने पाडलेल्या निळसर सावल्या, दूर एखादाच उंच उठलेला ढग, आणि त्याच्या कडेने सोनं. मी चहा घेऊन जिन्यातच थांबले. वर बघितलं, तर आकाश साधंच होतं, फाउंड्रीच्या धुराने जरा मळलेलं. ती सांगत होती ते ढग वरून बघितलेले होते. मला फार भरून आलं; त्या दोघांचा हेवा वाटला आणि त्यांची काळजीही वाटली.

काका म्हणाले, "दिवस मावळत आला असंल की. उतरूया, जेवाण ऱ्हाईल."

मावशीने पश्चिमेकडे नीट बघितलं. जेवणाच्या वेळेबाबत काकांना ती खोटं कधीच सांगत नसे.

"आहे अजून थोडं ऊन," ती म्हणाली. "बसा."

आणि खरंच होतं. थोडंच, पण होतं.