बाळंतिणीच्या खोलीतले सात मासे

आमच्या ह्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण चंद्रपूरला कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये काचेच्या टाकीत त्यांनी समुद्र केला होता. मीठ मुंबईहून यायचं, मासेही तिकडूनच, हवा भरलेल्या पिशवीत, रेल्वेनं. एकूण सात. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, घरात धड फ्रिज नाही आणि ह्यांची ही हौस. मी लय चिडायची. पण पोटुशी असताना तासन्‌तास त्या टाकीसमोर बसून राहायची, हेही खरं.

माझी आई लग्नाआधीच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. सासूबाई मार्कंड्याजवळच्या गावाहून शेपा-ओव्याचं गाठोडं घेऊन आल्या. खोल्या दोनच, तेव्हा टाकीची खोली तीच बाळंतिणीची खोली ठरली. हिवाळा होता. खिडकीवर रग ठोकला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. "वारं लागलं तं जन्माचं दुखणं हाय," म्हणायच्या.

रोज सकाळी न्हाणं झालं की मला आणि पोरीला धुरी. गावाकडं त्यासाठी गोवरीचा विस्तव घेतात. आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत गोवऱ्या कुठल्या? कोळसा मात्र दारादारात ढिगानं. सासूबाई अंगणात शेगडी पेटवायच्या, कोळसा लालबुंद झाला की ती आत आणून बाजेखाली सरकवायच्या, वर शेपा, ओवा, ऊद टाकायच्या आणि दार ओढून स्वयंपाकाला जायच्या. जेवणवेळेपर्यंत शेगडी आतच, आम्हा दोघींना शेकायला.

पाचव्या दिवशी पहिला मासा गेला, निळा. अंगावर जखम नाही, रंग उतरलेला नाही. तळाशी कोपऱ्यात उभा असल्यासारखा, तोंड भिंतीकडं. मला वाटलं, झोपला. दुसऱ्या दिवशी दोन गेले, तेही भिंतीकडं तोंड करून. हे पहाटे पाळीवर जाताना मासे खात-फिरत असायचे आणि दुपारी घरी यावं तर एखादा कमी. ह्यांनी पाणी बदललं, मीठ बदललं, पंप खोलून धुतला. काही कळेना. बुडबुडे मात्र चालूच. मेलेल्या माशाला ते हलवत राहायचे, आणि पडल्या पडल्या मला वाटायचं, हा परत वळून बघतो की काय. खोलीत कोणीतरी बसलंय आणि एकेकाला निवडतंय, असं मनात यायचं. खोटं काऊन बोलू.

सासूबाई निवांत होत्या. "मुक्या जीवानं लेकराची बला आपल्यावर घेतली. बरं झालं." आणि शेगडीत कोळशाचे दोन खडे जास्त.

मी म्हटलं, "आई, मले डोकं लय दुखून राह्यलं."

"बाळंतिणीचं डोकं दुखतच असते. पोरीकडं पाह्य, कशी निजते."

पोर खरंच रडत नव्हती. शेजारणी कौतुक करून गेल्या. मलाही मेलीला अभिमान वाटायचा.

दहाव्या दिवशी एकच मासा उरला होता, पिवळा. शेगडी आत येऊन अर्धा तास झाला असेल. तो वर आला, तोंड पाण्याबाहेर काढलं आणि उघडझाप करू लागला. मी नुसती बघत राहिले, हातापायात जोरच नव्हता. मग कशीबशी कुशीवर वळले आणि पोरीकडं पाहिलं. डोळे मिटलेले. तोंड उघडत होतं, मिटत होतं, अगदी तसंच. आवाज नाही.

उठले कशी ते देवालाच ठाऊक. पायानं चिंध्या ओढल्या आणि पोरीला घेऊन अंगणात आले, अनवाणी, उघड्या डोक्यानं. सासूबाई धावत आल्या. "अवं बाई, आत चाल. वारं लागंल, लोकं पाहून राह्यले." त्यांनी दंडाला धरलं, तशी मी त्यांना ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा आणि एकदाच. पोरीच्या तळव्यांना टिचक्या मारत राहिले, किती वेळ कोण जाणे. मग ती शिंकली, आणि रडली. असं रडली की अख्खी लाईन बाहेर आली.

आत पिवळा मासाही गेला होता. ते मासे नेमके कशानं मेले, हे ह्यांना कोणी पक्कं सांगू शकलं नाही. कोणी म्हणे पंपानं धूर ओढला, कोणी म्हणे माल खराब होता. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मला वाटलं, सासूबाई आता शिव्या देतील. पण त्या पायरीवर बसल्या आणि रडणाऱ्या पोरीकडं बघत राहिल्या.

"माह्या पयल्या दोन पोरी बारशाच्या आधी गेल्या," त्या म्हणाल्या. "अशाच झाकल्या खोलीत, बाजेखाली विस्तव, निजत होत्या माह्याजवळ."

मग त्यांनी वळून दारातून आत टाकीकडं पाहिलं.

"तवा घरात मासे नोहते, बाई."