आधी बांध, मग भाकरी

माझं स्वतःचं मत माझ्याकडे फारसं कधी नसतं. असतं ते कुणाकडून तरी आणलेलं, आणि मागून आणलेलं लुगडं बाई जरा जास्तच मिरवते, तसं मी ते मिरवते. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. त्यामुळे प्रत्येक विषयातलं मला अर्धं पान ठाऊक असतं. बोलायला तेवढं पुरतं.

हे मत मी रोह्याहून आणलं. लेक तिथे दिलीय. तिचे सासरे कंपनीतून रिटायर झाल्यापासून दुपारपर्यंत पेपर वाचतात आणि दुपारनंतर तो आम्हाला सांगतात. तेव्हा टीव्हीवर रोज एकच भांडण चाललं होतं, की सरकारचा पैसा पुरत नाही, तर कात्री लावायची कुठे? सैन्याला की योजनांना? व्याही म्हणाले, "विहीणबाई, सीमाच राहिली नाही तर योजना वाटणार कुठे? आधी संरक्षण. हे फुकट वाटप पहिलं बंद करा." मला ते इतकं पटलं की मी पुन्हा भात वाढून घेतला.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईला मी हेच समजावत होते. मध्येच कंडक्टर आला. "आजी, कुठं?" "पेण. बायकांचं अर्धं दे." तिकीट मुठीत धरलं आणि पुढे चालू, "तर काय सांगत होते, या फुकट्या सवयींनी देश बुडणार बघा." बाई माझ्या मुठीकडे बघत राहिली. मला वाटलं, बिचारीला विषय जड जातोय.

आमचं गाव धरमतरच्या खाडीच्या अंगाला. शेजारच्याच घरात माझी धाकटी जाऊ राहते. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, पोरांची खिचडी तीच शिजवते. ओट्यावर सुकट निवडता निवडता मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी खिचडी बंद?"

"तुझी नाय गो, सरकारची."

"सरकार येतं व्हय टोप घासायला? त्यापेक्षा एकदोन तोफा कमी करा म्हणावं. पोरांना उपाशी ठेवून राखताय कुणाला?"

"आणि शत्रू आला म्हणजे?"

"येऊ दे. त्याला पण वाढीन. मीठ जास्त घालून."

मी तिला अडाणी ठरवलं आणि सुकटीची डोकी मोडत बसले.

आता आमच्याकडचं संरक्षण म्हणजे काय ते सांगते. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध आहे, बस. तो फुटला आणि भरतीचं पाणी शेतात बसलं की ती जमीन दोन-तीन वर्षं दाणा देत नाही. जावेचं शेत अगदी बांधाला लागून. तेवढंच तिचं शेत, वर्षाचा तांदूळ त्यातूनच. वैशाखातल्या अवसेच्या उधाणाला नेमकी तिथेच खांड पडली. बांधाला भगदाड पडलं की आम्ही त्याला खांड म्हणतो. पाणी थोडं शिरलं आणि ओहोटीला उतरलं, पण पुढच्या दोन-तीन दिवसांच्या भरत्या त्याहून मोठ्या होत्या. पोरांनी कचेरीत फोन लावला. उत्तर आलं, यंदा बांधांचा निधी कमी झालाय, वाट बघा. म्हणजे ती टीव्हीवरची कात्री फिरत फिरत आमच्याच दारी आली!

मग गावाची जुनी रीत. घरटी एक गडी मातीला, आणि बायकांनी भाकरी-कालवण बांधावर पोचवायचं. खांड बुजेपर्यंत कुणी बांध सोडून घरी जायचं नाही. देवळापुढे सगळे जमले आणि माझ्या अंगात व्याही आले.

"अर्धा गाव भाकऱ्या थापण्यात अडकतो. तेच हात मातीला लावा. आधी बांध, मग भाकरी!"

एक म्हातारबुवा म्हणाले, "आणि पोटाचं काय गो?"

"पोट थांबेल एक दिवस. समुद्र थांबणार नाय!"

टाळ्या पडल्या. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी. शेत जावेचं, दुप्पट हात मिळतायत तर ती नाही कशाला म्हणेल?

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तशी सगळी ओळीने उभी राहिली, मातीची ढेकळं हातोहात जाऊ लागली. काम खरंच झपाट्याने झालं. मी काठावर उभी राहून तोंडाने माती टाकत होते. दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त खांड बुजली. आणि मग एक गडी म्हणाला, "आलोच, दोन घास खाऊन." घरी तर चूल थंड. मग त्याच्यामागे त्याची बायको भात टाकायला. तिच्यामागे दुसरी. बघता बघता बांधावर जाऊ, मी आणि चारदोन माणसं उरलो. खाडीचं पाणी भरतीकडे वळायला लागलं होतं.

मी गावात धावले. एका दारात गडी पाटावर बसलेला.

"अरे चल, पाणी वळलं!"

"काकी, बांध झाला ना बराचसा? आता भाकरी. तुमचंच भाषण."

"आधी सगळा बांध म्हटलं होतं मी!"

"मग सगळा होईस्तोवर भाकरी कोण देणार, ते नाय बोललात."

दुसऱ्या दारात तर माणूस जेवून आडवा झालेला.

चारजणांना उठवून आम्ही परत पोचलो तेव्हा भरतीने सकाळची ओली माती उचलून नेली होती. जाऊ गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या शेताचा खालचा कोपरा खाडी झाला होता. तिने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. घरी जाताना एवढंच म्हणाली, "उद्या पीठ घेऊन ये."

मी डबाच्या डबा नेला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चुलीपुढे बसलो. माझ्या भाकऱ्या तव्यावर चिरतात हे गावाला माहीत आहे, पण बांधावर कुणी नावं ठेवली नाहीत. ओळ मोडली नाही. पुढची भरती यायच्या आत खांड बुजली, बाकीचं शेत वाचलं.

चार दिवसांनी व्याह्यांचा फोन. "काय, पटलं का गावाला?"

"फार पटलं. तिथेच तर घोटाळा झाला."

"मग कात्री कुठे लावायची म्हणता?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मत विचारलं होतं. "रेंज नाय हो," म्हटलं आणि फोन ठेवला.

यंदा जावेने त्या कोपऱ्याआधीच लावणी थांबवली. तिथे पावसाचं गोडं पाणी साठवतो आणि ओहोटीला बांधाच्या दारातून खाडीत सोडतो, म्हणजे मीठ हळूहळू धुतलं जातं. दर वेळी पाणी सोडायला मी जाते. तेवढी तरी नोकरी मला लागली. काल बोट बुडवून जिभेला लावलं.

"काय गो आक्का?" जाऊ बांधावरून ओरडली.

"कमी झालाय वाटतं खारटपणा."

"परवा पण कमीच झाला होता." ती खाली उतरली, स्वतः चाखलं आणि थुंकली. "हाय. लय हाय. चल आता, टोप घासायचाय अंगणवाडीचा. हात तुझे रिकामेच हायत."

मी गेले. खरवड तळाला चांगलीच धरली होती. घासत बसले आणि तोफांबद्दल चकार शब्द काढला नाही.