माशा खाणाऱ्या रोपाची एकादशी

वडील एकादशीला गेले. त्यांच्या शाळेने सुट्टी दिली. खिडकीतल्या कुंडीवर फडके होते.

फडके आत्याचे. वडील सोलापुरात हायस्कुलात शास्त्र शिकवत. आदल्या पावसाळ्यात बेळगावकडच्या माळावरून त्यांनी दवबिंदू नावाची रोपे आणली. रोप केवढे, तर रुपयाएवढे. पानांवर तांबडे केस, केसांच्या टोकांना चिकट थेंब. चिलट बसले की केस सावकाश त्याच्यावर वाकत आणि जेवण सुरू होई.

"आपल्या घरात?" आत्याने तोंडाला पदर लावला. ती वडिलांची थोरली बहीण. तिच्या स्वयंपाकघरात कांदाही येत नसे.

"अक्का, ते हौसेनं खात नाही. तिथला पाऊस मातीतला कस धुऊन नेतो. मुळांना नत्र मिळत नाही, म्हणून ते किड्यांतून घेतं."

"मग शेणखत घाल की त्याला! पोट भरल्यावर कशाला मरायला माशा धरेल?"

वडिलांना हसू आवरेना, त्यामुळे उत्तर राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत असताना आत्याने खरोखरच कुंड्यांत काळी माती आणि खत घातले. निव्वळ दयेपोटी. निकस मातीत वाढलेली मुळे त्या मेजवानीने जळाली. एकच रोप वाचले. ते वडिलांनी वाळूत लावले. विहिरीचे पाणी जड, म्हणून रांजणात साठवलेले पावसाचे पाणी ते त्याला घालत.

"इथं यानं बी धरलं ना, की मी जिंकलो," ते म्हणत.

पुढे बहीणभावात तह झाला. आत्याने खताला हात लावायचा नाही. मात्र एकादशीला कुंडीवर फडके पडणार.

"या घरात राहायचं तर उपास घडू दे त्यालाही."

"आणि द्वादशीचं पारणं?"

"ते तुझं तू बघ. मला सांगू नकोस."

त्या एकादशीला रोपावर कळ्या होत्या. वडिलांना नेल्यावर घरात चूल पेटली नाही. आत्या भिंतीला टेकून बसून होती. उन्हे उतरताना ती उठली, कुंडीवरचे फडके काढून तिने त्याची घडी घातली.

"सगळ्यांनीच काय उपाशी राहायचं?" ती रोपाला म्हणाली. "खा रे बाबा."

पुढे ते रोप वाळले, पण बी धरून. तपकिरीच्या कणाएवढे बारीक बी वडिलांच्या चष्म्याच्या डबीत आहे. रांजणात पावसाचे पाणी आहे.